रजा, सुट्टी आणि हक्क : गिरणीच्या भोंग्यापासून अमर्याद रजेपर्यंत



एका शिक्षकाच्या स्मृतीप्रीत्यर्थ योजिलेल्या या व्याख्यानासाठी ‘रजा’ हा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. स्मृतिव्याख्यानात कर्तव्याविषयी, ज्ञानाविषयी, श्रमाविषयी बोलावे, रजेविषयी काय बोलायचे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु श्रमाचा इतिहास विश्रांतीचा इतिहास सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. आज या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची मुले बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे आणि परदेशांतही संगणक कंपन्यांतून काम करतात. त्यांपैकी काहींच्या नेमणूकपत्रांत ‘अमर्याद रजा’ असे एक नवे कलम आढळते. वर्षाला इतके दिवस असा हिशेब तेथे नाही. काम वेळेवर पुरे करा आणि वरिष्ठांच्या संमतीने हवी तितकी रजा घ्या, असा त्याचा आशय. ऐकताना हे कलम मोठे उदार वाटते. मग ही मुले आपल्यालाच विचारतात, ‘हवी तितकी म्हणजे नेमकी किती घ्यावी?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थेट शंभर-सव्वाशे वर्षे मागे, मुंबईच्या गिरणगावात जावे लागते. आजच्या व्याख्यानाचा प्रवास तोच आहे.

१. शब्दांची साक्ष

भाषेच्या अभ्यासकाने आरंभ शब्दांपासून करावा हे उचित. मराठीत कामातून मिळणाऱ्या मोकळिकीला तीन शब्द आहेत आणि तिन्हींची कुळे वेगळी आहेत.

पहिला शब्द ‘रजा’. हा अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ संमती, खुशी, मर्जी. ‘आता रजा घेतो’ असे म्हणून आपण निरोप घेतो, तेव्हा समोरच्याची अनुज्ञाच मागत असतो. म्हणजे रजा घेणाऱ्याच्या पलीकडे रजा देणारा कोणीतरी उभा आहे, हे या शब्दातच गृहीत धरलेले आहे.

दुसरा शब्द ‘सुट्टी’. तो आपल्या ‘सुटणे’ या क्रियापदाच्या घरचा. दाव्यातून वासरू सुटते, धनुष्यातून बाण सुटतो, शाळा सुटते. येथे देणाऱ्याचा उल्लेख नाही. वेळ झाली की सुटका होते.

तिसरा शब्द ‘खाडा’. हा श्रमिकांच्या बोलीतला. कामात पडलेला खंड, ज्या दिवसाची मजुरी बुडाली असा दिवस, तो खाडा. रजेत मर्जी आहे, सुट्टीत मोकळीक आहे आणि खाड्यात दंड आहे. हे तीन शब्द एकमेकांशेजारी ठेवले की नोकरीच्या इतिहासाचा सारांशच हाती येतो. एकच रिकामा दिवस. तो कोणाच्या वाट्याला कोणत्या नावाने येतो, एवढाच काय तो झगडा.

२. पंचांगाने दिलेली विश्रांती

आपल्या परंपरेत सात दिवसांनी येणारी सार्वत्रिक सुट्टी नव्हती. त्यावरून आपले पूर्वज विश्रांतीवाचून राबत होते असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. विश्रांतीचे गणित वारांवर नव्हते, ते तिथींवर आणि ऋतूंवर होते. पाठशाळांत अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. त्या दिवशी अध्ययन करणे हा दोष मानला जाई. याखेरीज थोर पाहुणा आला तर ‘शिष्टानध्याय’ होई. विदर्भात जन्मलेल्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमातील शिष्यांना अशी अचानक सुट्टी मिळाल्यावर झालेला आनंद रंगवला आहे. शाळा लवकर सुटल्याची घंटा ऐकून ओरडत पळणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तो प्रसंग फार जुना वाटणार नाही.

शेतकऱ्याचे कष्ट अफाट. परंतु त्यांनाही ऋतूंनी घातलेली विरामचिन्हे होती. बैलपोळ्याला तर माणसाबरोबर बैलाच्याही मानेवरचे जू उतरते. शिवकाळातील फौजेचा क्रम सभासदाच्या बखरीतून दिसतो. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला कूच, असा तो नेम होता. माणसाच्या आणि घोड्याच्या शक्तीला मर्यादा असते, हे त्या व्यवस्थेने मान्य केले होते.

चाकराच्या हक्काचा विचार शुक्रनीती या संस्कृत ग्रंथात आढळतो. उत्सवाच्या दिवशी अत्यावश्यक काम असल्यावाचून चाकराला राबवू नये, श्राद्धाच्या दिवशी तर मुळीच नाही. आजारी चाकराचे वेतन एकदम तोडू नये. चाळीस वर्षे सेवा केलेल्याला पुढे अर्धे वेतन द्यावे, असे नियम त्यात सांगितले आहेत. या ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही आणि काही अभ्यासक तो बराच अर्वाचीन मानतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, विश्रांतीचा विचार येथे आकड्यांत मांडला गेला. स्वामीच्या दयाबुद्धीवर सारे सोपवून ग्रंथकार मोकळा झाला नाही.

ही जुनी व्यवस्था सुखाची होती असे मला म्हणावयाचे नाही. बलुतेदार, कुळे आणि वेठबिगार यांच्या वाट्याला तिच्यातली सावली थोडी आणि ऊन फार आले. एवढे मात्र खरे, की कामाला ऋतूंचा आणि सूर्याचा लगाम होता. तो लगाम तुटला वाफेच्या यंत्राने.

३. भोंगा आणि गिरणी

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढच्या तीन दशकांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुरांड्यांचे रान उभे राहिले. कोकणातून, घाटावरून, रत्नागिरी-साताऱ्याकडून माणसे आली. त्यांना तिथीऐवजी भोंगा मिळाला. काम उजाडता सुरू व्हायचे आणि अंधार पडल्यावर थांबायचे. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर राबणेही मोठे. सणांच्या काही दिवशी गिरणी बंद राही. परंतु आठवड्याला ठरलेली अशी सुट्टी कामगाराला नव्हती. सरकारी कचेरीतल्या कारकुनाला रविवार मिळत होता. त्याच शहरात, त्याच रस्त्याच्या पलीकडे, सुताच्या धुरळ्यात खोकणाऱ्या माणसाला तो नव्हता.

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. तो मुख्यतः मुलांपुरता होता. सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये आणि महिन्यातून चार दिवस सुट्टी द्यावी, असे त्याने सांगितले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी आणि सुट्टीविषयी कायदा मुका होता.

ही मुकी जागा भरून काढण्याचे काम ज्या माणसाने केले, त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली ठाण्यास एका गरीब फुलमाळी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण बेताचे. रेल्वे आणि टपाल खात्यांत नोकरी करून ते मांडवी येथील एका गिरणीत भांडारपाल झाले. गिरणीच्या आतले जीवन त्यांनी असे जवळून पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे ते अनुयायी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र लोखंड्यांनी १८८० साली मुंबईत आणले आणि त्यातून कष्टकऱ्यांची गाऱ्हाणी मांडावयास प्रारंभ केला.

१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात लोखंड्यांच्या पुढाकाराने परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन तयार झाले. रविवारी पूर्ण सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा, कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई मिळावी, अशा त्यातील मागण्या होत्या. याच सुमारास ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. आधुनिक अर्थाने ती कामगार संघटना नव्हती. तिला वर्गणी नव्हती, घटना नव्हती. पण अक्षरओळख नसलेल्या हजारोंचे म्हणणे सरकारपुढे लेखी स्वरूपात मांडणारी ती पहिली महत्त्वाची संस्था होती.

रविवारच का, या प्रश्नाचे एक उत्तर लोकमानसात रुळलेले आहे. रविवार हा खंडोबाचा वार. कुलदैवताच्या पूजेला, घरच्या कामाला आणि जातभाईंना भेटावयास एक दिवस हवा, असे कामगारांच्या वतीने मांडले गेल्याचे सांगितले जाते. इंग्रज अधिकाऱ्याला रविवार प्रार्थनेसाठी हवा होता, परळच्या कामगाराला मल्हारीसाठी. एका वारावर दोन श्रद्धांचा असा मेळ पडला आणि मागणी व्यवहार्य झाली.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. सभेचे निवेदन गिरणीमालकांच्या संघाकडे गेले आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामाशी लोखंड्यांना जोडून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास यांना कायद्याचा आधार दिला. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांच्या कामाला सात तासांची मर्यादा पडली. प्रौढ पुरुषांच्या तासांना कायदेशीर मर्यादा पडण्यास मात्र १९११ साल उजाडावे लागले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारखाना कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीमालक होते. हिंदी कामगाराच्या कळवळ्यापेक्षा हिंदी गिरणीच्या स्पर्धेची भीती त्यांना अधिक होती. त्यामुळे आपल्याकडील अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. देशी धंदा बुडविण्याचा हा परकी डाव आहे अशी त्यांची भूमिका होती. त्यांचा संशय निराधार नव्हता. तरीही लोखंड्यांनी धरलेली वाट अधिक खरी ठरली. मालक देशी असला म्हणून मजुराच्या पाठीचा कणा कमी दुखत नाही, एवढे साधे सत्य त्यांनी ओळखले होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईतील प्लेगच्या साथीत त्यांचा अंत झाला. भारतीय टपाल खात्याने २००५ साली त्यांच्या नावे तिकीट काढले. पण दर रविवारी उशिरा उठणाऱ्या लक्षावधी मराठी माणसांपैकी त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा.

४. आकड्याचे महत्त्व

लोखंड्यांच्या यशाचे मर्म कोणते? माझ्या मते, त्यांनी विश्रांतीला आकडा मिळवून दिला. साताला एक. त्यापूर्वीही कामगार घरी राहत होता. पण तो खाडा होता. मुकादमाची मर्जी राखून, पान-सुपारी पोचवून, पगार बुडवून मिळवलेला तो दिवस होता. गावी शिमग्याला किंवा गणपतीला गेलेला माणूस परतल्यावर त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा असे. रजेवर जाणे म्हणजे नोकरी जुगारात लावणे होते. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने हे दुखणे नेमके हेरले. कामगारांना रजेचा अर्ज करण्यास उत्तेजन द्यावे आणि वेळेवर परतल्यास जुने काम पुन्हा मिळेल असे निश्चित आश्वासन देऊन त्यांना गावी पाठवावे, अशी त्या आयोगाची शिफारस होती. रजेचा खरा आधार उदारता नसून निश्चिती आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुढचा सारा इतिहास या निश्चितीचा विस्तार आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ साली साप्ताहिक विश्रांतीचा करार केला आणि भारताने १९२३ साली त्यास मान्यता दिली. मुंबई प्रांताने १९३९ साली दुकाने व आस्थापनांचा कायदा केला, तेव्हा गुमास्ता आणि हॉटेलातला पोऱ्या यांच्यापर्यंत सुट्टीचा विचार पोचला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ च्या दुरुस्तीने, कारखान्यातील प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली आणि १९४६ मध्ये आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. १९४८ च्या कारखाना कायद्याने नवे प्रमाण बसवले. वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. २४० दिवसांना १२, तीनशे दिवसांना १५. त्याच १९४८ साली मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चोविसाव्या कलमाने विश्रांती आणि नियतकालिक भरपगारी सुट्टी यांना मानवी हक्कांत स्थान दिले, आणि आपल्या राज्यघटनेच्या त्रेचाळिसाव्या अनुच्छेदाने कामगारांना अवकाशाचा पूर्ण उपभोग मिळावा हे राज्याचे उद्दिष्ट ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेतही वीसाला एक हे प्रमाण कायम आहे. त्यासाठी लागणारे कामाचे दिवस मात्र २४० वरून १८० वर आले आहेत.

म्हणजे मर्जी, मग आकडा, मग हक्क, असा हा क्रम आहे.

५. भोपाळचा अनुभव

आपल्या शहरालाही या विषयात काही सांगावयाचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ राजधानी झाली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रीवा येथून कर्मचारी येथे आले. त्यांतच आपली बहुसंख्य मराठी कुटुंबे होती. पुढे अवजड विद्युत उपकरणांचा कारखाना उभा राहिला आणि १९६० मध्ये त्यात उत्पादन सुरू झाले. पिपलानी-बरखेड्याच्या वसाहतींत भोंग्यावर चालणारे आयुष्य ज्यांनी पाहिले, त्यांना पाळीचा आणि साप्ताहिक सुट्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सरकारी कचेऱ्या आणि कारखाना मिळून झालेल्या या शहरात रजेचा कागद हा घरातल्या लग्नमुंजींइतकाच परिचित होता. मे महिन्यात नागपूरला किंवा पुण्याला जाणाऱ्या गाडीचे आरक्षण आणि साहेबांच्या टेबलावरचा अर्ज, दोन्हींकडे सारे घर डोळे लावून बसे.

याच शहराच्या कालगणनेत एक वेगळी सुट्टी आहे. ३ डिसेंबरला भोपाळमध्ये स्थानिक सुट्टी असते. ती विश्रांतीची नाही, ती स्मरणाची आहे. २ डिसेंबर १९८४ हा रविवार होता. साप्ताहिक सुट्टी संपवून शहर झोपी गेले आणि त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या रात्री काही माणसे कामावर होती. भोपाळ स्थानकावरील उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली गाडी वेळेआधी पुढे काढून दिली आणि शेकडो प्रवाशांचे प्राण वाचवले. त्याच कारखान्यात खर्च कमी करण्यासाठी पाळीवरची माणसे घटवण्यात आली होती, हेही नंतर जगापुढे आले.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. आपली सुट्टी ही दुसऱ्या कोणाच्या तरी जागरणावर उभी असते. परिचारिका, रेल्वे कर्मचारी, पाणीपुरवठ्यावरचा माणूस, रात्रपाळीचा यंत्रचालक हे जागे असतात म्हणून आपण झोपतो. अशा जागी रजा म्हणजे केवळ अर्जावरची सही नव्हे. तेथे बदली माणूस लागतो. पुरेशी माणसे न नेमता रजा मंजूर करणे म्हणजे एकाची विश्रांती दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे, आणि कधी कधी साऱ्या शहराला धोक्यात घालणे होय. रजेचा आकडा ठरवताना माणसांचाही आकडा ठरवावा लागतो, हे भोपाळने विसरून चालणार नाही.

६. अमर्याद रजा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांनी रजेची मोजणीच सोडून दिली आणि हा प्रघात संगणकक्षेत्रात पसरला. त्यामागे एक चांगला विचार आहे, तो आपण मान्य केला पाहिजे. प्रौढ आणि सुशिक्षित माणसाच्या हजेरीचा पट कशाला ठेवायचा? काम पाहा, तास मोजू नका. आजारी आईची शुश्रूषा करणाऱ्या मुलीला एकविसाव्या दिवशी अर्ज नाकारला जाऊ नये, हे कोणालाही पटेल. सर्जनशील कामाला गिरणीचे माप लावता येत नाही, हेही खरे.

परंतु इतिहासाचा विद्यार्थी येथे थबकतो. आकडा गेला की मागे काय उरते? मर्जी उरते. ‘रजा’ हा शब्द आपल्या अरबी माहेरी परत जातो. कामगाराने पंधरा दिवस घेतले तर ते फार झाले की थोडे, हे सांगणारी मोजपट्टीच नसते. मग तो शेजारच्या टेबलाकडे पाहतो. शेजारचा त्याच्याकडे पाहतो. दोघेही साहेबांकडे पाहतात, आणि साहेब रजेवर जाताना दिसत नाहीत. मुकादम नाहीसा झालेला असतो. त्याची जागा प्रत्येकाच्या मनातल्या संकोचाने घेतलेली असते. याखेरीज एक हिशेबाची बाजू आहे. साठलेली रजा हे मालकाच्या डोक्यावरचे देणे असते. नोकरी सोडताना ते चुकवावे लागते. जेथे रजा मोजलीच जात नाही तेथे हे देणेही साठत नाही. अमर्याद या शब्दात शून्यही बसते, हे गणिताच्या शिक्षकाला सांगावे लागू नये.

हा केवळ वृद्धाचा संशय नाही. किकस्टार्टर या अमेरिकन कंपनीने २०१५ साली आपली अमर्याद रजेची पद्धत रद्द केली आणि वर्षाला पंचवीस दिवसांचा निश्चित आकडा ठरवला. किती रजा घेणे योग्य, याचा संभ्रम दूर करावा, हे त्यामागचे कारण होते. परळच्या सभेत निरक्षर कामगारांनी जे मागितले, त्याकडेच अत्यंत आधुनिक कंपनीला परत यावे लागले.

अमेरिकेत भरपगारी वार्षिक रजा देण्याचे बंधन घालणारा देशव्यापी कायदा नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. तेथे मालकाची उदारता हाच बहुतेकांचा आधार असतो. युरोपीय संघाने १९९३ च्या आपल्या निर्देशाने वर्षाला किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा बांधून दिली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या कराराने तीन आठवडे हे किमान मानले आहे. आपल्याकडे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आठ दिवस नैमित्तिक रजा, वीसाला एक या प्रमाणात अर्जित रजा आणि आठ भरपगारी सणांच्या सुट्ट्या मिळतात. अशा देशांतून आणि राज्यांतून अमर्याद रजेचे कलम कायद्याच्या किमान मर्यादेवर बसवलेले मजले ठरू शकते. पायाऐवजी मात्र ते बसवता येत नाही.

७. न घेतलेल्या रजेचा गौरव

दोष सगळा मालकांचा आहे असे म्हणून सुटता येणार नाही. रजा न घेण्याचा आपल्याला एक विलक्षण अभिमान आहे. निवृत्तीच्या समारंभात सत्कारमूर्तींनी तीस वर्षांत क्वचितच रजा घेतली, हे वाक्य टाळ्यांच्या गजरात उच्चारले जाते. त्या वेळी पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीच्या चेहऱ्याकडे मात्र कोणी पाहत नाही. केंद्र सरकारच्या नियमांनुसार कर्मचाऱ्याला वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते आणि तीनशे दिवसांपर्यंत साठवून निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे घेता येतात. ती रक्कम मुलीच्या लग्नाला, घराच्या छपराला उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. तरीही दहा वर्षांच्या पूर्ण रजेचे मोल शेवटी एका धनादेशात मोजावे लागते, तेव्हा त्या दिवसांत राहून गेलेली माणसे, राहून गेलेली गावे, मुलांचे बालपण यांचा हिशेब कोणत्या स्तंभात लिहावयाचा? विश्रांती साठवता येत नाही. साठतात ते तिचे पैसे.

आणखी एक बाजू अधिक अप्रिय आहे. आपल्या घरी भांडी घासणारी बाई एक दिवस आली नाही, तर आपण म्हणतो, ‘आज बाईने खाडा केला.’ गिरणीतल्या मुकादमाच्या तोंडचा शब्द आपल्या स्वयंपाकघरात शाबूत आहे. १९८० साली पुण्यात घरकामगार स्त्रियांनी संप केला, तेव्हा भरपगारी सुट्टी ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. स्वतःच्या रजेविषयी जागरूक असलेल्या आपल्यापैकी किती जणांनी या बाईला साताला एक दिवस दिला आहे? ज्यांचे पोट हातावर आहे, अशांना अमर्याद रजा मिळतेच; तिला ते बेकारी म्हणतात. लोखंड्यांचा लढा अर्ध्यावर राहिलेला आहे, आणि तो पुरा करण्याचे काम सरकारइतकेच आपल्या घरांचेही आहे.

८. मग किती?

व्याख्यात्याने प्रश्न विचारून निघून जाऊ नये, उत्तराची जबाबदारी घ्यावी. ज्या तरुणांना अमर्याद रजेचे कलम मिळाले आहे त्यांना माझे सांगणे असे.

पहिले, साप्ताहिक सुट्टी ही त्या हिशेबात धरूच नका. ती १८९० सालीच मिळालेली आहे. रविवारी निरोपांना उत्तरे देत बसणे म्हणजे दुसऱ्याने कमावलेली ठेव परत करणे होय.

दुसरे, वर्षाच्या आरंभी स्वतःचा आकडा स्वतः ठरवा आणि तो लेखी कळवा. कायद्याचे वीसाला एक हे प्रमाण खालची मर्यादा समजा. म्हणजे वर्षाला किमान पंधरा दिवस. जगाने मानलेले तीन ते चार आठवडे हे योग्य प्रमाण समजा. त्यांतील निदान दहा दिवस सलग घ्या. एकेक दिवस तोडून घेतलेल्या रजेत बँकेची आणि दवाखान्याची कामे उरकतात, माणूस विसावत नाही. आजारपण आणि घरातील आपत्ती यांचे दिवस याहून वेगळे मोजा.

तिसरे, वरिष्ठ असाल तर आधी स्वतः रजेवर जा. हाताखालच्या माणसाला रजा देण्याचा त्याहून खरा मार्ग नाही. आणि जाताना आपले काम कोण पाहील याची व्यवस्था लावून जा; तुमची विश्रांती सहकाऱ्याचा भार होऊ नये.

चौथे, मालकांना विनंती. अमर्याद रजा जरूर द्या. परंतु तिला किमान मर्यादा घाला. किती घ्यावी यापेक्षा किती तरी घेतलीच पाहिजे, हे लिहून ठेवा.

श्रोतेहो, शाळा ही संस्था सुट्टीच्या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी तिच्या भिंतीवर सुट्ट्यांची यादी लागते. इयत्ता पहिलीच्या मुलापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना ती सारखी लागू असते. ती कोणाला मागावी लागत नाही आणि घेताना कोणाला ओशाळावे लागत नाही. मोठ्यांच्या जगातील विश्रांती अशीच भिंतीवर लिहिलेली, सर्वांना दिसणारी आणि सर्वांची असावी, एवढीच १८८४ च्या त्या साडेपाच हजार सह्यांची मागणी होती. ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या व्यवसायाने ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. आपण ती आपल्या कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि स्वयंपाकघरांतही नेऊ या.

आता आपली रजा घेतो.